पाच मुक्या पट्ट्या

२ जानेवारी १९६२, मंगळवार

मुलाच्या, रघुपतीच्या हपिसातून ही वही आली. रोजचं एक पान, वर तारीख छापलेली. तो म्हणाला, "मी काय लिहू? रोज तेच कागद, तेच शिक्के." सून सत्यवती म्हणाली, "पाककृती लिहून ठेवूया." मी म्हटलं, "मला त्या पाठ आहेत, आणि तुला वाचून येतील असं वाटत नाही." तेव्हा असं ठरलं, की मी सांगायचं आणि तिनं लिहायचं. मला अक्षर येत नाही. लहानपणी एकदा भावाची पाटी हातात धरली होती, त्यानं लगेच मागून घेतली.

धारवाडला नातीला, अहल्येला, मुलगी झालीय. ती मोठी होऊन वाचील आणि म्हणेल, पणजी चामराजपेटेत राहायची, विधवा, सत्तरीला टेकलेली, पण जीभ शाबूत. सुनेला ताकीद दिलीय, मी बोलेन तेच लिहायचं, पदरचं घालायचं नाही.

(घालत नाही. — स.)

९ फेब्रुवारी, शुक्रवार

रघुपतीनं जटक्यातून, म्हणजे घोड्याच्या गाडीतून, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आणलं. दोघांनी उचलून आत घेतलं. मला वाटलं, कुणाचं मढंच आणलं. चादर काढली तर चाकांवरचं एक लांब टेबल. वर चंदेरी पट्ट्या दोन ओळींत, दोरीत ओवलेल्या. लांब पट्टीपासून आखूड पट्टीपर्यंत. प्रत्येक पट्टीखाली एक नळी लोंबतेय. खाली पाय द्यायला दांडी, बाजूला विजेची मोटर. नाव व्हायब्राफोन. माझ्या तोंडात ते मावत नाही. मी 'नळ्यावाली' म्हणते.

"पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरी करून आणलीस रे," मी म्हटलं. "पहिलीला विचारलंस का?"

(हे अम्मा हसून म्हणाल्या. मी हसले नाही. — स.)

नळ्यावाली पिंटोसाहेबाची. दंडूत, म्हणजे कॅन्टोन्मेंटात, एका हॉटेलात त्याचा बँड आहे. रघुपती लढाईच्या काळात मिलिटरीच्या कोठीत कारकून होता, तेव्हापासून त्या बँडमागं उभा राहून ऐकतोय. जॅझ म्हणतात त्याला. गेली दोन वर्षं हा रात्री जेवल्यावर पाटावर खडूनं पट्ट्या आखायचा आणि दोन काठ्या घेऊन त्यावर हात फिरवायचा. मला वाटायचं, मुलगा रांगोळी शिकतोय. आता पिंटोसाहेबाचा वाजवणारा कुटुंबासकट ऑस्ट्रेलियाला निघून गेला. साहेब म्हणाला, "दीड महिना घरी नेऊन हात बसव. पंचवीस मार्चला रविवारी सकाळी सगळ्यांसमोर वाजव. जमलं तर जागा तुझी."

मी म्हटलं, "आणि तुझं हपीस?"

"हपीस दिवसा, अम्मा."

"आणि अब्रू?"

त्यावर तो दोऱ्या घट्ट करत बसला.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

रोज संध्याकाळी सहा ते आठ. चार काठ्या, टोकाला लोकरीचे लाडू. एकेका हातात दोन दोन, चिमट्यात निखारा धरावा तशा. आधी एकेक पट्टी चढत जातो, मग उतरतो. एकच तुकडा चाळीस वेळा. पाय दाबला की सूर लांबत राहतो, सोडला की गप्प. मोटर लावली की सूर थरथरतो, थंडीत अंघोळ करून आलेल्या आमच्या पुरोहितांनी, हयवदनाचारांनी, स्तोत्र म्हणावं तसा.

वाईट आहे असं मी म्हणत नाही. एकदा मी तांदूळ निवडत होते आणि हात थांबला. सत्यवतीनं पाहिलं. मी म्हटलं, खडा होता.

(खडा नव्हता. — स.)

२० फेब्रुवारी, मंगळवार

शेजारच्या सुशीलाबाईनं नळावर विचारलं, "तुमच्याकडं संध्याकाळी भांडी कोण आपटतंय?"

मी म्हटलं, "रघुपती. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडासाठी शिकतोय."

कुठून आलं तोंडात, देव जाणे. ती म्हणाली, "असं होय! राजवाडा!" आणि बादली भरेपर्यंत माझ्याकडं मानानं पाहिलं. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले. माझा मुलगा, तीनशे वर्षं या गावात असलेल्या घरातला, बायका पुरुषांच्या खांद्यावर मान टाकून नाचतात त्या खोलीत काठ्या मारणार. हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

४ मार्च, रविवार

हयवदनाचार आले. चौदा तारखेला अष्टमीला माझ्या यजमानांचं श्राद्ध, त्याचं बोलणं करायला. मधल्या खोलीत पाय टाकला आणि थबकले.

"तुंगाबाई, हे काय?"

"रघुपतीचं वाद्य."

"कुठून आलं?"

मी पुन्हा राजवाडा पुढं केला. आचारांनी वाकून पाहिलं. पाच पट्ट्यांवर गोल डाग होते, पेला ठेवल्यासारखे, चिकट. त्यांनी उपरणं आवरून घेतलं. म्हणाले, "याच खोलीत ब्राह्मण पानावर बसणार. तेवढी शुद्धी करून घ्या."

पेल्यात काय असेल ते मला न शिकताही कळतं. पन्नास वर्षं मडी म्हणजे आपलं सोवळं सांभाळलं मी, सोवळ्याच्या साडीला कधी कुणाची सावली लागू दिली नाही. आणि दारूचा पेला माझ्या देवघरापासून सात पावलांवर.

१२ मार्च, सोमवार

आज विशेष काही नाही. रघुपती हपिसात, त्याला आज उशीर होणार. सत्यवती दिवसभर माहेरी, बसवनगुडीला. मी दुपारी झोपले. उजव्या हाताची दोन बोटं भाजली, तवा लागला. बास, एवढंच लिही.

(दुपारी तवा चढवलेला नव्हता. न्हाणीतल्या चुल्यात ताजी राख आहे. चिंचेची भरणी शुक्रवारी भरली होती, ती रिकामी आहे. — स.)

१३ मार्च, मंगळवार

रघुपती सहाला बसला. चढत गेला. टण, टण, टण, टप्प. मला वाटलं काठी चुकली. पुन्हा टप्प. पाच पट्ट्या मुक्या झाल्यात. सूर निघतो आणि जागीच मरतो, ओल्या लाकडावर मारल्यासारखा.

त्यानं एक पट्टी दोरीतून काढली. उजेडात धरली. नाकाशी नेली.

"कोणी हात लावला होता?"

सत्यवती स्वयंपाकघराच्या दारात होती. मी जपमाळ धरून. मी म्हटलं, "सोयराबाई झाडत होती तिकडं. पाडलं असेल काहीतरी."

असं म्हटलं मी. सोयराबाई अकरा वर्षं आमची भांडी घासते.

१४ मार्च, बुधवार

सकाळी सहाला सोयराबाई आली तशी रघुपतीनं तिला विचारलं. हळूच विचारलं, ओरडला नाही.

"अण्णा, मी त्या नळ्यावालीकडं बघतसुद्धा नाही. बघितलं तर अज्जी म्हणतात विटाळलीस."

"पण अम्मा म्हणतात..."

सोयराबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी देवघरात गंध उगाळत होते, उगाळतच राहिले. तिनं केरसुणी भिंतीला टेकवली, पदरानं हात पुसले आणि गेली. आजच्या दिवशी, घरात श्राद्ध असताना. सगळी भांडी मी आणि सत्यवतीनं घासली. भाजलेल्या बोटांना राख लागली की डोळ्यांत पाणी यायचं. सत्यवती म्हणाली, "अम्मा, द्या इकडं." मी दिली नाहीत.

नळ्यावाली चादरीखाली कोपऱ्यात उभी होती. आचार जेवून उठले, हातावर पाणी घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तुंगाबाईंसारखी मडी ठेवणारं घर आता गावात उरलं नाही."

मला वाटलं, हे भिंतीवरच्या फोटोतून ऐकतायत. मी फोटोकडं पाहिलं नाही.

१७ मार्च, शनिवार

पिंटोसाहेब स्वतः आला. सावळा, बुटका, टोपी हातात. बूट बाहेर काढून आला, हे मी पाहिलं. माझी समजूत होती, त्यांना तसं कळत नाही. कानडी आपल्यासारखीच बोलतो. मेल्या पट्ट्यांवर बोटानं टकटक केलं, कान लावला. मग म्हणाला, "रघुपती, घरात आग लागली होती काय? हा धातू निखाऱ्यावर गेला की त्याचा जीव जातो. कडकपणा गेला की सूर गेला."

रघुपतीनं माझ्या हाताकडं पाहिलं. बोटांना चिंधी बांधलीय, ती बघून विचारायचं असेल की दुखतंय का. विचारलं नाही. साहेबाला म्हणाला, "माझी चूक. पाणी तापवायच्या चुल्याजवळ ठेवल्या होत्या."

साहेबानं पट्टी खाली ठेवली. "मी तुला काळजीवाला माणूस समजत होतो," म्हणाला. "नव्या पट्ट्या बोटीनं येतात, त्याही सरकारनं परवाना दिला तर. पुढच्या रविवारी पाच सूर नसतील तर मला मद्रासचा माणूस बोलवावा लागेल."

जाताना मला नमस्कार केला. मी अंग चोरून घेतलं, सवयीनं.

रघुपतीनं खोटं का बोलावं? तो बिचारा त्या चुल्याकडं फिरकतसुद्धा नाही.

१९ मार्च, सोमवार

तीन दिवस जेवण उतरत नाही. दुपारी सत्यवतीला म्हटलं, वही आण.

लिही. पट्ट्या मी भाजल्या.

थांबू नको, लिही. बारा तारखेला घरात कोणी नव्हतं. आचार शुद्धी करा म्हणाले होते. पाणी शिंपडूनही भागलं असतं, पण माझं भागलं नाही. विटाळलेलं भांडं आपण काय करतो? निखाऱ्यावर धरतो, मग राख, मग चिंच, मग पाणी. तेच केलं. डाग असलेल्या पाच पट्ट्या दोरीतून ओढल्या आणि न्हाणीतल्या चुल्यात निखाऱ्यांवर ठेवल्या. पुरी एक माळ देवाचं नाव घेईपर्यंत. मग चिंचेनं घासल्या. इतक्या लख्ख झाल्या, मला अभिमान वाटला. परत ओवल्या. वाजवून बघायचं सुचलं नाही. आमच्यात भांडं वाजवून बघतात ते विकत घेताना.

हे सगळं सांगून झालं तरी सुनेचा टाक चालूच. मान वर नाही, आ वासणं नाही.

मी म्हटलं, "तुला नवल वाटत नाही?"

तिनं मागचं पान उलटलं आणि वाचून दाखवलं. बारा तारीख. तवा चढवलेला नव्हता, ताजी राख, चिंचेची भरणी.

"हे मी सांगितलं नव्हतं."

"नव्हतं."

"पदरचं घालायचं नाही असं ठरलं होतं."

"खोटं सांगायचं नाही असंही असेल असं मला वाटलं होतं, अम्मा."

सासू म्हणून पंचवीस वर्षं मी हिला बोलले. भाताला, पोळीला, माहेराला. आज हिच्यासमोर माझी मान वर होईना. मी म्हटलं, "कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. सोयराबाई गेली त्या दिवशी चुकलंच माझं. तेव्हाच बोलायला हवं होतं." आणि हे म्हणताना तीच रडली.

आधी रघुपतीला सांगायचं. मग सोयराबाईला.

२० मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी रघुपती हपिसातून आला, पाय धुतले, तोवर मी दारातच उभी. सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. लहानपणी त्याचा पतंग मी चुलीत घातला होता तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. काल टॉवेलनं एकेक बोट पुसत राहिला.

"शनिवारी कळलं मला," म्हणाला.

"मग साहेबासमोर स्वतःवर का घेतलंस?"

"त्याला मडी कशी समजावू?"

मग म्हणाला, "सोयराबाईला मीच विचारलं ना. घरात शिरल्या शिरल्या. तेही आहे." आणि आत गेला.

त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर मी जेवले असते.

आज पहाटेच सोयराबाईकडं गेले. गवीपुरात, गुहेच्या देवळामागं तिची खोली. तिनं आत बोलावलं नाही, मीही उंबऱ्याबाहेरच. सांगितलं. ती म्हणाली, "अज्जी, मला इथं सांगून काय उपयोग? नळावर सगळ्या मला 'पट्टीपाडी' म्हणतात. तिथं सांगा."

म्हणून आज आठ वाजता, सगळ्या बायका घागरी घेऊन उभ्या असताना, सोवळ्याच्या ओल्या साडीत मी नळावर गेले आणि सांगितलं. पट्ट्या मी भाजल्या, सोयराबाईनं नाही. आणि बँड राजवाड्याचा नाही, दंडूतल्या हॉटेलातला. सुशीलाबाईची घागर भरून वाहिली तरी तिला कळलं नाही. पाणी पायाखालून गेलं, सगळीकडं. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

२१ मार्च, बुधवार

सोयराबाई आली. भांड्यांसमोर बसली, पातेलं उचललं आणि म्हणाली, "अज्जी, हे आधी भाजून घेता की तसंच घासू?"

मला हसू आलं आणि हसताना लाज वाटली.

संध्याकाळी सत्यवतीचा भाऊ विद्याधर आला. तो विमानाच्या कारखान्यात फिटर आहे. त्यानं गुजरी बाजारातून, भंगारातून, विमानाच्या मोडक्या पंखाचा जाड पत्रा आणलाय. म्हणाला, "भाऊजी, हा धातू कडक आहे. कापून, भोकं पाडून देतो. सूर मात्र तुम्ही लावा. मला फक्त मापं कळतात."

२३ मार्च, शुक्रवार

दोन दिवस घरात कानशीचा आवाज. पट्टी खालून मधे घासली की सूर उतरतो, टोकाला घासली की चढतो. हे मला रघुपतीनं सांगितलं, कारण त्यानं मला समोर बसवलंय. म्हणाला, "अम्मा, तुझा कान चांगला आहे. तू पदं म्हणताना तंबोरा उतरला की आधी तुला कळतं." जुन्या ओळीतला तोच सूर वरच्या सप्तकातल्या पट्टीवर वाजवायचा, मग नवी पट्टी. मी म्हणायचं, उतरली, चढली, अजून स्वल्प म्हणजे थोडं, पुरे.

तो माझ्यासमोर बसतो, पण बोलतो ते पट्टीबद्दलच.

तीन पट्ट्या जमल्या. पाचवीही आज संध्याकाळी जमली. चौथीवर मी "पुरे" म्हणायला उशीर केला. त्याच वेळी सुशीलाबाई दाराशी आली, मी मान वळवली, आणि त्याची कानशी दोनदा जास्त फिरली. सूर खाली गेला. टोकं घासून वर आणला, तरी तो सरळ उभा राहत नाही. पत्रा संपला. वेळही संपला, उद्या नळ्यावाली हॉटेलात जाणार.

त्यानं ओवली तशीच.

२५ मार्च, रविवार

मी जाणार म्हटल्यावर सत्यवतीनं विचारलं, "हॉटेलात?" मी म्हटलं, "जटक्यात." हॉटेलासमोर मोठं झाड आहे, त्याखाली जटका उभा केला. घोडा, जटकेवाला, सत्यवती आणि मी. आतून तळणीचा वास, तो कशाचा ते मी विचारलं नाही. खिडक्या उघड्या होत्या.

अकराला सुरू झालं. आधी ढोल, मग जाड तारांचं वाद्य, मग पत्र्याची नळी फुंकतात ते. मग माझी नळ्यावाली. मी तिला लगेच ओळखलं, घरची माणसं गर्दीत आवाजावरून ओळखतो तशी.

रघुपती वाजवत सुटला, अडखळला नाही. पाटावरच्या खडूवर दोन वर्षं फिरलेले ते हात. सत्यवतीनं माझा हात धरला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा असेल.

पण मला गाणं ऐकूच आलं नाही. मला फक्त चौथी पट्टी ऐकू येत होती. आली की मी डोळे मिटायची. तो तिला टाळत होता, वरून उडी मारून पुढं जायचा. लोकांना वाटलं असेल, ही त्याची लकब. दोनदा टाळता आली नाही, कारण गाणं तिथूनच जात होतं.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. जटकेवाला म्हणाला, "अम्मा, तुमचा मुलगा काय?" मी हो म्हटलं. लाज वाटली, पण या वेळी त्याची नाही.

बाराला रघुपती बाहेर आला. साहेब मागोमाग. साहेबानं मला पाहून टोपी काढली आणि रघुपतीला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. जटक्यात बसल्यावर सत्यवतीनं विचारलं. तो म्हणाला, "संध्याकाळचं काम मद्रासच्या माणसाला. रविवार सकाळ मला. लोक चहा प्यायला येतात तेव्हा."

जटका घराकडं निघाला. घोड्याच्या टापा तेवढ्या.

१ एप्रिल, रविवार

नळ्यावाली आता हॉटेलातच राहते. मधली खोली मोकळी आहे. आचार खूश होतील.

सकाळी वाजवून आला, जेवला, आणि मधल्या खोलीत पाट घेऊन बसला. पाटावर माझ्या पाच मुक्या पट्ट्या मांडल्या, जुन्या, लख्ख घासलेल्या. लोकरीच्या काठ्या घेऊन त्यावर हात बसवत होता. टप्प, टप्प, टप्प. मी दारात जाऊन उभी राहिले.

"रघू, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"संध्याकाळचं काम गेलं ते माझ्यामुळं ना?"

मला ठाऊक आहे हा मुलगा कसा आहे. लहानपणापासून कुणाला दुखवत नाही. आंबट ताकाला गोड म्हणतो. मी त्याच्या 'नाही'ची वाट बघत होते, आणि ते ऐकून मला किती बरं वाटेल तेही ठरवून ठेवलं होतं.

तो म्हणाला, "हो, अम्मा."

सत्यवती, हे नीट लिही. हो म्हणाला.

मी खाली बसले, त्याच्यासमोर, जमिनीवर, कशाला शिवतेय ते न बघता. त्यानं पाटाखालून एक पट्टी काढली. नवी. चौथीच्या मापाची. विद्याधर काल देऊन गेला होता म्हणे, मला सांगितलं नव्हतं. दोन सुतळ्यांवर ठेवली, काठीनं मारली.

"बघ," म्हणाला. "पुरे?"

मी ऐकलं. सूर छान होता. कोणालाही चालला असता.

"अजून स्वल्प," मी म्हटलं, आणि त्यानं कानशी उचलली.